ठकूबाईच्या किंकाळीचं गाणं

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि फ्लेक्स जास्त होते. सगळ्या फ्लेक्सवर तोंड मात्र एकच. बिबट्याभाऊंचं. गॉगल लावलेलं.

त्या जंगलात ठकूबाई नावाची भेकर राहायची. भेकर म्हणजे लहानसं हरीण. बिबट्या दिसला की ते भुंकतं आणि ते ऐकून बाकीचे पळतात. गेल्या साली भाऊंनी ठकूबाईच्या नवऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत उचललं. तेव्हा ती ओरडली, “पळा गं बायांनो, पळा!” सगळे पळाले, वाचले.

वर फांदीवर कोतवाल पक्षी बसला होता. कुणाचाही आवाज हुबेहूब काढण्यात त्याचा हातखंडा. त्यानं ती किंकाळी जशीच्या तशी उचलली, खाली ढोल घातला आणि गाणं केलं:

“एका झेपेत मोडतो मान,
भाऊ आपला जंगलाची शान!
पळा गं बायांनो, पळा!”

गाणं काय गाजलं म्हणता! बारशाला तेच, मिरवणुकीला तेच. सशांची पिल्लं खोटे सुळे लावून हिंडू लागली. ‘पळा’ आलं की जागच्या जागी पाय झाडायचे, अशी स्टेपसुद्धा ठरली.

पुढे ठकूबाईच्या एकुलत्या एक लेकीची, शेवंताची, हळद होती. ठकूबाई कोतवालाला म्हणाली, “दादा, काहीही वाजवा, पण तेवढं गाणं नको.”

“मावशी, पब्लिक तेच मागतं. मी काय करू?”

व्याही हसले. “अहो विहीणबाई, गाण्यानं कधी कुणी मरतं का?”

शेवंता तर फुरंगटूनच बसली. ठकूबाई तिला जवळ घेऊन म्हणाली, “अगं, तुझ्या बापाला नेलं तेव्हाचा माझा आवाज आहे तो.”

“म्हणून तर मैत्रिणी जळतात माझ्यावर!” शेवंता म्हणाली.

ठकूबाई लेकीला हळद लावायला लागली.

गाणं लागलं. सगळा मांडव नाचायला लागला. शेवंता, अंगभर हळद, सगळ्यात पुढे. आणि ठकूबाईला मांडवामागच्या घाणेरीच्या झुडपात ठिपके हलताना दिसले. जिवाच्या आकांतानं ती ओरडली, “पळा गं बायांनो, पळा!”

मांडवात शिट्ट्याच शिट्ट्या!

“वन्स मोर, मावशी!” व्याही ओरडले.

“अहो, तो आलाय! खरंच आलाय!”

“आलाच पाहिजे! आलाच पाहिजे!” पब्लिकनं ताल धरला आणि जागच्या जागी पाय झाडले. शेवंतानं आईकडे वळून पाहिलं. आज पहिल्यांदाच तिला आईचं कौतुक वाटत होतं. भाऊंना फार धावावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोतवाल भेटायला आला. ठकूबाई भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. तो मान खाली घालून तिच्याजवळ बसला. मग हळूच म्हणाला, “फार वाईट झालं, मावशी. पण खरं सांगू? गेल्या सालापेक्षा काल सूर छान लागला होता.”

तात्पर्य: संकटात ओरडण्याआधी, मुलांनो, आवाज नीट बिघडवून घ्यावा. इतक्या सुरात मदत मागितल्यावर लोकांनी बिचाऱ्यांनी नाचायचं की धावायचं?