ऑल्विनचा डबा, मेव्हिसचा डबा

जुनी स्पोर्ट्स कार रस्त्यात बंद पडते ती मालकाच्या आळसामुळे, असं ऑल्विन बेकवर्थचं ठाम मत होतं. ज्याच्याजवळ सुटे भाग आहेत त्याला कशाची भीती? ऑल्विनजवळ होते. कॉइल, कंडेन्सर, रोटर, फ्यूज, बल्ब, वायरची भेंडोळी असा विजेचा सगळा संसार त्याने एका बिस्किटांच्या डब्यात थाटला होता. गाडीला नवा भाग बसवला की काढलेला भाग तो कधी फेकत नसे. खुळखुळू नये म्हणून त्याला जुना लोकरी मोजा चढवायचा आणि डब्यात झोपवायचा. "माझी गाडी खुशाल चोरा," तो जुन्या गाड्यांच्या क्लबात सांगायचा, "डबा तेवढा ठेवा. मी त्यातून दुसरी उभी करीन."

त्या शनिवारी त्याची बायको मेव्हिस हिचा जीव मात्र दुसऱ्याच डब्यात अडकला होता. स्केलबेकच्या जत्रेत सुक्या मेव्याच्या केकची स्पर्धा होती. गेल्या वर्षी परीक्षकबाईंनी तिच्या केकचा तुकडा चघळत म्हटलं होतं, "चव छान, पण जड झालाय हो." तो 'जड' मेव्हिसच्या पोटात वर्षभर बसून होता. सबंध हिवाळा तिने केकवर केक केले आणि ऑल्विनने ते खाऊन पट्ट्याला नवी भोकं पाडली. अखेर काल एक केक मनासारखा फुलला होता. दहाच्या आत तो तंबूतल्या टेबलावर ठेवायला हवा होता, कारण दहाला परीक्षक आत जातात आणि बाकीच्यांना बाहेर काढतात.

तिचा डबाही बिस्किटांचाच. यॉर्कशायरच्या घरांत बिस्किटांच्या डब्यांत बिस्किटं सोडून सगळं असतं, आणि एडिंबरोच्या मावशीबाई दर नाताळला तोच किल्ल्याचं चित्र असलेला डबा पाठवायच्या.

"आज साधी गाडी काढू या," मेव्हिस म्हणाली.

"आणि जत्रेला आलेल्या क्लबातल्या सगळ्यांसमोर त्या खटाऱ्यातून उतरू?"

"ही बंद पडली तर?"

ऑल्विनने नुसतं आपल्या सुट्या भागांच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"बरं. पण माझा डबा माझ्या मांडीवर. तो डिकीत गेला तर त्याच्यामागोमाग तूही जाशील."

ऑल्विनने दोन्ही डब्यांना सुतळी बांधली, एक अलगद मेव्हिसच्या मांडीवर ठेवला आणि दुसरा जुन्या दुलईत गुंडाळून डिकीत. मेव्हिसने डबा जरासा उचलून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. उघड्या छपराचा वारा तिला सोसत नसेल, अशी ऑल्विनने स्वतःची समजूत घातली.

माळावरच्या चढाला गाडीने एक उचकी दिली आणि ती थांबली.

"झालं?" मेव्हिस म्हणाली.

"पाच मिनिटं. यासाठीच तर डबा आहे." ऑल्विनने बॉनेट उघडलं. रोटर तडकला होता. शीळ घालत तो मागे गेला, दुलई सोडली, डबा उघडला आणि शीळ ओठांतच राहिली. आत केक होता. गुबगुबीत, सोनेरी, दुलईत सुखाने आलेला.

म्हणजे रोटर मेव्हिसच्या मांडीवर होता, आणि तिथे डबा कुणी ठेवला, हे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

"मेव्हिस, तुझा डबा दे बरं जरा. ऊन लागतंय त्याला."

"ढग आलेत."

"मग पाऊस लागेल."

"ऑल्विन, टेबलावर ठेवेपर्यंत मी हा सोडणार नाही. तू तुझं काम कर."

बॉनेट उघडं दिसलं की क्लबातल्या कुणीही पुढे जायचं नाही, हा रिवाज. नेमका ह्यूबर्ट आला. या ह्यूबर्टला ऑल्विन दर बैठकीत छळायचा, कारण त्याच्या गाडीत एक रोटर सोडला तर सुटा भाग म्हणून काही नसायचं.

"काय गड्या, आज दर्शन होणार म्हणायचं डब्याचं! उघड की."

"नको," डबा छातीशी धरून ऑल्विन म्हणाला.

"का रे? रिकामा आहे की काय?"

मेव्हिसने मागे वळून पाहिलं. ऑल्विनने डबा घाईघाईने पुन्हा दुलईत गुंडाळला. "ह्यूबर्ट," तो हळूच म्हणाला, "तुझा रोटर देतोस का?"

ह्यूबर्टने रोटर दिला, आणि त्यासोबत असं हसला की रस्त्यालगतच्या मेंढ्या पांगल्या. आता क्लबात वर्षभर हीच गोष्ट चालणार होती.

स्केलबेकला पोचले तेव्हा तंबू बंद व्हायला आला होता. ऑल्विन डिकी उघडतोय तोवर मेव्हिस पळत आत गेलीसुद्धा. तिने सुतळी सोडली, झाकण काढलं. टेबलामागच्या बाईंनी आत डोकावून पाहिलं. "मोज्यांचं विणकाम शेजारच्या तंबूत आहे, ताई," त्या म्हणाल्या.

मेव्हिस रडणार, तेवढ्यात धापा टाकत ऑल्विन दुसरा डबा घेऊन आला. लोकांना बाहेर काढण्याआधी केक टेबलावर पोचला. परीक्षकबाईंनी घास घेतला, डोळे मिटले. पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड मेव्हिसच्या केकपुढे लागलं.

परतीच्या वाटेवर ती गुणगुणत होती. उरलेला केक तिच्या मांडीवर होता, या वेळी खरोखरच. ऑल्विनला धीर आला. "एक विचारू? येताना इतकं लोखंड मांडीवर होतं. तुला डबा जड नाही लागला?"

"लागला ना," ती म्हणाली. "मला वाटलं, रात्रीतून केक बसला. याही वर्षी जमलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तू म्हणाला असतास, छे, मुळीच जड नाही. तोंडात घास असला की तू हेच म्हणतोस."

ऑल्विनला फार वाईट वाटलं. सकाळभर तिने ते ओझं एकटीने सांभाळलं होतं, आणि तेही त्याचंच. काहीतरी गोड बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि गाडी पुन्हा थांबली.

"कंडेन्सर," बॉनेटखालून तो म्हणाला. आता डबा बरोबर होता. त्याने ऐटीत एक मोजा सोलला, भाग बसवला, किल्ली फिरवली. काही नाही. दुसरा मोजा. काही नाही. तिसरा.

"हे तू गाडीतून का काढले होतेस रे?" मेव्हिसने विचारलं.

"बिघडले म्हणून."

"आणि ठेवलेस कशाला?"

"म्हटलं, लागतील."

मेव्हिस हसत सुटली, इतकी की तिला रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर टेकावं लागलं. मग ऑल्विनही शेजारी जाऊन बसला. ह्यूबर्ट याच रस्त्याने परतायचा होता. तो येईपर्यंत दोघांनी मिळून केक संपवला, आणि मुळीच जड नाही, असं ऑल्विन तोंडात घास घेऊन दोनदा म्हणाला.