नत्थूजींचा हात

दूध पाजल्यावर बाळाचं वजन तीनशे वीस ग्रॅमने घटलं, तेव्हा मयुराने घाबरतच तो आकडा वहीत लिहिला.

आईच्या दुधावर चाललेल्या एका अभ्यासात तिने नाव दिलं होतं. घरी दिलेल्या काट्यावर बाळाला पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर तोलायचं, आकडे लिहायचे, एवढंच काम. पण दीड महिन्याचा ऋषी सारखा रडायचा, त्यामुळे आपलं दूध पुरत नाही ही धास्ती तिच्या मनात आधीच होती.

सासूबाईंनी, मीराबाईंनी, वही पाहिली. "पोरी, तू लेकराले पाजून राहिली का लेकराचं काढून राहिली?"

मयुराला रडू फुटलं. शेजारणीने मेथीचे लाडू आणले. नवरा सुशील पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आला. शेवटी सगळेच रिक्षात बसून अभ्यासाच्या डॉक्टरांकडे, उन्नती मॅडमकडे, पोचले.

"घरी केलं तसंच करून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

मयुराने बाळाला काट्यावर ठेवलं. उमरेडहून नातवासाठी आलेले सासरे नत्थूजी पुढे झाले आणि त्यांनी काट्याच्या काठावर पंजा टेकवला.

"आजोबा, हा हात?"

"पोरगं लुडकन ना खाली, मॅडम."

"आणि पाजल्यावर तोललं तेव्हा?"

"तवा मी बाहेर फोनवर बोलून राहिलो होतो."

मॅडमनी त्यांना हात मागे बांधून उभं केलं आणि बाळाला पुन्हा तोललं. मयुराने पाजलं. नंतरचं वजन पंच्याऐंशी ग्रॅम जास्त भरलं.

"म्हणजे पुरते माझं दूध?"

"छान पुरतंय. बाळं रडतातच."

मयुराने ऋषीला उचलून कुशीत घेतलं. मीराबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "माह्या बोलण्याचं मनावर नको घेऊ वं."

नत्थूजींनी हात जोडले. "मॅडम, तुमचे लय उपकार झाले. माह्यापायी सुनेले उगाच त्रास."

"उपकार तुमचेच," मॅडम म्हणाल्या. "आणखी बारा घरांतून असेच विचित्र आकडे येतात. महिनाभर आम्ही काटेच बदलत होतो." त्यांनी तिथल्या तिथे मदतनीस पायलला सांगून त्या घरांत फोन लावले. बाळ तोलताना जवळ कोण असतं, एवढंच विचारायचं होतं.

अर्ध्या तासाने पायल कागद घेऊन आली. नऊ घरांत आजोबा, तीन घरांत आजी.

नत्थूजींनी कागद दोनदा वाचला.

"बरं झालं," ते मयुराला म्हणाले, "मले वाटलं, मी एकटाच आहो."