कागद संपला तेव्हापासून

एखाद्याला कामावर घेणं सोपं असतं, कामावरून काढणं मात्र शिस्तीनेच व्हावं लागतं. आमच्या रुग्णालयाचा संगणक ही शिस्त माणसांपेक्षा चोख पाळतो, हे सांगताना ऊर भरून येतो.

रक्त तपासणारं मशीन आणि संगणक यांची भाषा वेगळी. मधल्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. ज्या प्रोग्रामला त्याची गरज असेल त्याने आधी ‘धरला’ म्हणायचं, काम झालं की ‘सोडला’ म्हणायचं. धरणाऱ्यांचा आकडा शून्यावर आला तरच ड्रायव्हर काढता येतो. कुणी बसलेलं असताना खुर्ची ओढू नये, इतकं साधं हे तत्त्व. (आमच्या समितीच्या बैठकीत ते फार आवडलं. खुर्च्यांवरून कुणी उठलं नाही.)

सध्याचा ड्रायव्हर स्वभावाने गोड आहे. मशीनचं बोलणं कळलं नाही की तो ‘नॉर्मल’ लिहून मोकळा होतो. त्यामुळे तक्रारी जवळपास नाहीत (तक्रार करण्याच्या अवस्थेत उरलेल्या रुग्णांपुरतं बोलतो आहे). खरं बोलणारा नवा ड्रायव्हर कधीचा येऊन पडलाय. पण जुना निघाल्याशिवाय तो बसत नाही, आणि जुन्याचा आकडा एक आहे.

हा एक कोण, ते इंजिनियरने शोधून काढलं. रिपोर्ट छापणारा प्रोग्राम. एकदा प्रिंटरमधला कागद संपला तेव्हा तो गडबडून मागच्या दाराने पळाला आणि ‘सोडला’ म्हणायचं राहून गेलं. म्हणजे धरणारा केव्हाच पसार झालाय, हिशेबात तेवढा त्याचा हात शिल्लक आहे.

“मशीन संगणकासकट एकदा बंद करून चालू केलं की आकडा आपोआप शून्य होईल,” इंजिनियर म्हणाला.

“वापरात असलेलं मशीन बंद करता येत नाही,” लॅबप्रमुख म्हणाले. “वापरात नाही असं दाखवा, आत्ता सही करतो.”

“कसं दाखवू?”

“आकडा शून्य करून दाखवा.”

इंजिनियरने कपाळाला हात लावला. इतिवृत्तात याची नोंद ‘अभिवादन’ अशी आहे.

याच सुमारास एका म्हाताऱ्या गवंड्याची मुलगी लॅबमध्ये आली. “साहेब, बाबांना कुशीवरसुद्धा वळता येत नाही हो. मग रिपोर्ट रोज नॉर्मल कसा येतो?”

“ताई, मशीन खोटं बोलत नाही,” लॅबप्रमुख म्हणाले. (हे शंभर टक्के खरं होतं. खोटं दुभाष्या बोलत होता.)

“मग बाहेरून तपासून आणू का?”

“नॉर्मल रिपोर्टच्या फेरतपासणीची तरतूद नाही.”

नॉर्मल माणसाने खाट अडवणं हा तर उघड गैरवापर. गवंड्याला घरी सोडायचा आदेश त्याच दुपारी निघाला. स्ट्रेचर हलेना, कारण मुलीने बापाचा हात घट्ट धरला होता. परंतु असलं धरणं मोजायची सोय आमच्या संगणकात नाही. सबब आकडा शून्य मानण्यात आला.

त्याच आठवड्यात गवंडी गेला. मृत्यूचं कारण काय लिहावं, हे डॉक्टरांना सुचेना, कारण रिपोर्टप्रमाणे त्याला काहीच झालं नव्हतं. मुलगी पुन्हा आली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. “आता तरी ते मशीन बंद करा,” एवढंच म्हणाली. समितीने उभं राहून दुःख व्यक्त केलं आणि मशीन वापरात असल्याचं तिला नम्रपणे कळवलं.

वाचकहो, तुम्ही संतापला असाल. संतापा, पण बेताने; तब्येत सांभाळायला हवी. तुमचा मागचा रिपोर्ट नॉर्मल आला होता ना? घरी फोन करून सांगितलंत, कागद कपाटात टाकलात आणि विसरलात. तो ‘नॉर्मल’ कुणी लिहिला, हे विचारावंसं तुम्हाला एकदाही वाटलं नाही. आम्हाला असेच रुग्ण परवडतात.