हेडक्लार्कांच्या आत्म्याची प्रतवारी

कार्यालयातल्या सर्व सजीवांच्या आत्म्यांची प्रतवारी शुक्रवारपर्यंत सादर करावी, असं परिपत्रक सोमवारी आलं. हेडक्लार्कांनी ते रिवाजाप्रमाणे वाचण्याआधी आवक नोंदवहीत चढवलं.

मोठे साहेब नुकतेच प्रशिक्षणाहून परतले होते आणि तिथे त्यांना प्राचीन ग्रीकांनी गाठलं होतं. ग्रीकांच्या मते नुसतं खाऊन वाढतो तो वनस्पतीचा आत्मा, वर जाणीव आणि हालचाल असेल तर प्राण्याचा, आणि विचार करतो तो माणसाचा. शिवाय निसर्गात उगाच काही नसतं, तेव्हा प्रत्येकाचं प्रयोजनही लिहायचं.

आवारातलं झाड पहिल्या प्रतीत बसलं, प्रयोजन झाड होणं. मांजर दुसऱ्या प्रतीत, प्रयोजन उंदीर. तिसऱ्या प्रतीत हेडक्लार्कांनी स्वतःला घातलं आणि तिथेच माशी शिंकली. विचार केल्याचा लेखी पुरावा जोडायचा होता.

एकतीस वर्षांच्या फायली उपसल्या. सगळीकडे एकच सुवाच्य शेरा, ‘मान्यतेसाठी सादर’. आता आपण माणसातून उठणार, अशी त्यांना धास्ती पडली. मी कधी विचार केल्याचं आठवतं का, असं घरी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "लग्न ठरताना तुम्ही बोललात ना, आई सांगेल तसं."

साहेबांनी त्यांना दुसऱ्या प्रतीत उतरवलं आणि हालचालीचा दाखला मागितला.

"जेवणाच्या सुट्टीत हलतो, साहेब."

"सुट्टीतलं धरत नाहीत."

शनिवारी त्यांची खुर्ची झाडाशेजारी मांडली गेली. शिपाई दोघांच्या बुंध्याशी रोज एकेक बादली ओती. उन्हाने हेडक्लार्कांना तजेला आला, पण प्रयोजनाचा रकाना कोराच होता आणि तो त्यांना फार खुपायचा. पुढे साहेबांच्या फायली तपासल्या गेल्या. त्यांत फक्त ‘मान्य’ निघालं. साहेबही आवारात आले, हुद्द्याप्रमाणे कुंडीत. महिन्याभरात सगळं कार्यालय बाहेर आणि आत एकटं मांजर. लोक अर्ज मांजरापुढे ठेवत, ते ज्यावर बसेल तो मंजूर. काम कधी नव्हे इतकं झपाट्याने उरकू लागलं.

ते पाहताना हेडक्लार्कांच्या डोक्यात काहीतरी वळवळलं. आपल्यावाचून सगळं चालतंय, मग आपण होतो कशासाठी?

"साहेब, मला विचार आला," ते आनंदाने थरथरत म्हणाले.

"लेखी द्या," कुंडीतून उत्तर आलं.

त्यांनी तो प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहिला, दोनदा वाचला आणि हाताच्या सवयीने खाली लिहिलं, ‘मान्यतेसाठी सादर’.

वाचकहो, तोच कागद फिरत फिरत आता तुमच्यापुढे आला आहे. नुसती मान डोलावू नका, तेवढं झाडालाही जमतं.