प्रधानकाकांच्या बंदुकीचं खोटं तोंड

कोपरीला आमच्या शेजारी राहणारे प्रधानकाका बाहेर पडताना कुलूप इतक्यांदा ओढून बघत, की एकदा कडीकोयंडाच उचकटून त्यांच्या हातात आला. "बघ, म्हणजे कच्चंच होतं," ते मला समाधानानं म्हणाले.

असा धास्तावलेला माणूस नेमबाजी करायचा, तीही ठासणीच्या रायफलीनं. वडिलांची रायफल, रीतसर परवाना. या रायफलीत दारू आणि गोळी तोंडाकडून सळीनं ठासायची. गोळी जरा तिरपी गेली की नेम हुकतो, शिवाय सळी घासून नळीचं तोंड झिजतं. या काळजीनं काकांची झोप उडालेली. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, नवी नळी घालायची आणि तिला खोटं तोंड करून घ्यायचं.

कल्याणला एक परवानेवाला कारागीर होता. नळीच्या टोकाचा बोटभर तुकडा कापायचा, पिनांनी पुन्हा तिथंच बसवायचा, मग दोन्हींच्या आतून सलग पिळाच्या खाचा पाडायच्या. हा तुकडा म्हणजेच खोटं तोंड. गोळी भरताना तुकडा लावला की ती सरळ आत जाते. बार काढण्याआधी तो काढून ठेवायचा.

कापायच्या दिवशी काकांनी मला सोबत नेलं. करवत लागली तसे ते बाहेर जाऊन येरझारा घालू लागले आणि सारखे मला आत पाठवू लागले. शेवटी कारागीर म्हणाला, "साहेबांना सांगा, बाळंतीण सुखरूप आहे."

तुकडा असा बसला की सांधा नखाला लागेना. पण काकांना नवी धास्ती: तो काढायला विसरलो आणि चाप ओढला तर? तुकडा उडून कुणाला लागला तर? मग दर रविवारी रेंजवर त्यांच्या मागं उभं राहून "काका, काढलं का?" विचारायचं काम माझ्याकडे आलं.

बरेच रविवार गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. त्या तुकड्यावर एक पत्र्याची पट्टी उभी होती. तुकडा लावलेला असला की ती बरोबर नेमाच्या आड यायची, समोरचं टार्गेट दिसायचंच नाही. विसरणं शक्यच नव्हतं. आणि पट्टी काकांनीच सांगून बसवून घेतलेली.

मग मला कशाला उभं करता, मी विचारलं. काका नळी पुसू लागले. काकूंना जाऊन तेव्हा वर्ष होत आलेलं.

"ती सारखी विचारायची रे. चष्मा घेतला का, गोळी घेतली का. वैतागायचो मी," ते म्हणाले. "आता दिवसभर मला कुणी काही विचारत नाही."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. पुढच्या रविवारी तिनंच मला लवकर उठवलं आणि काकांचा आणि माझा, दोघांचा डबा भरून दिला.