‘झालंच’ म्हणजे किती दिवस?

आमच्या ढोबळ्यांसमोर ‘झालंच’ हा शब्द चुकूनसुद्धा उच्चारायचा नाही. उच्चारलात की खिशातनं डायरी निघालीच! “झालंच म्हंजी किती? तारीख बोला, राव.”

आडनाव ढोबळे, पण माणसाला ढोबळ काही म्हणून खपत नसे. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मंचरला एसटी स्टँडमागं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. गावोगावच्या दूध डेअऱ्यांना आम्ही कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून द्यायचो. ढोबळे आमचे मुख्य. ते पुण्याहून कसलासा कोर्स करून आले आणि भिंतीवर तक्ता लागला. कोण ‘झालंच’ कधी म्हणालं आणि काम खरोखर कधी झालं, हे त्यात मांडायचं. सहा महिन्यांत प्रत्येकाचा आकडा निघाला. शेजारच्या टेबलावरच्या शेखचं ‘झालंच’ म्हणजे दोन दिवस. माझं नऊ. नऊ! चारचौघांत अब्रूच गेली की हो.

“तुमी आळशी न्हाई,” ढोबळे म्हणाले. मला जरा बरं वाटलं. “तुमच्या चुका लई उशिरा सापडत्यात. चूक सापडली कुठं ते सोडा, जन्मली कुठं ते बघा.”

बघितलं. निम्म्याहून जास्त चुका डेअरीवाल्यांचं म्हणणं धड न ऐकता लिहायला बसल्यामुळं झालेल्या. मग नियम निघाला, की कामाला हात लावण्याआधी मला काय समजलंय ते शेखला तोंडी सांगायचं. मी पुष्कळ कुरकुरलो. पण नवाचे चार झाले, हे खरं. एका डेअरीला तर कबूल केलेल्या दिवशीच प्रोग्रॅम मिळाला. तिथले चेअरमन घाबरून म्हणाले, “येवढ्या लवकर? कायतरी राहिलं आसंल, पुन्ना बघा.”

तरी तो नऊ माझ्या मनात सलत होताच.

दर शनिवारी सकाळी ऑफिसात पिंपरी पेंढारहून फोन यायचा. ढोबळ्यांच्या थोरल्या बहिणीचा. आई गेल्यावर या आक्कांनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. आता त्या घरात एकट्याच. “आज येतोस न्हवं?” आक्का विचारायच्या, आणि तारखेशिवाय तोंड न उघडणारे आमचे ढोबळे म्हणायचे, “येतोच!” फोन ठेवला की पुन्हा तक्त्यात डोकं. दोन तासांची वाट, पण जाणं काही व्हायचं नाही.

म्हटलं, आता सापडला गडी! मी गुपचूप मोजत गेलो. एका शनिवारी त्यांनी फोन ठेवला, आणि मी उठून त्यांच्याच तक्त्यात खाली ओळ लिहिली: ‘ढोबळे. येतोच : अकरा. गेले : शून्य.’

सगळे खो खो हसले. ढोबळे हसले नाहीत. तक्त्याकडं बघतच म्हणाले, “तुमची गाडी हाय का, राव?” मी खिशातनं किल्ली काढली.

दुपारी पिंपरी पेंढारला पोचलो, तर दारातच मासवडीचा वास. आत पाट मांडलेला.

“आक्का, मी येनार हे तुला कसं कळलं?”

“कळतंय कशाचं? तू येतोच म्हनतोस, मी करती.”

“दर शनवारी?”

“मंग! तू येत न्हाईस, हे ठाव हाय की मला. पर एखादं येतोच खरं निघालं, तर उपाशी ठिवू का तुला?” आक्का हसतच बोलल्या. मला माझ्या त्या ओळीची लाज वाटली.

मासवडी म्हणजे सकाळपासून चुलीशी खपायचं काम. ढोबळे खाली मान घालून जेवले. आक्का वाढत होत्या, ते नको म्हणत नव्हते. हात धुताना मला हळूच म्हणाले, “अकरा शनवार, राव.”

निघताना आक्कांनी नेहमीसारखं विचारलं, “फुडल्या शनवारी येतोस न्हवं?”

‘येतोच’ अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ढोबळे म्हणाले, “साडेबाराच्या एसटीनं निघतो. अडीचला दारात.”

आक्कांनी पुढं होऊन त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.