रांगेच्या अग्रभागी

तीन ते सहा वर्षांची मुले आजवर कोणत्याही नेतृत्वाविना वाढत आहेत, ही गंभीर बाब शिक्षण खात्याच्या लक्षात आली तो मंगळवार होता. गुरुवारी परिपत्रक निघाले. 'पूर्वप्राथमिक शिक्षणातील उत्कृष्ट नेतृत्व पुरस्कार' देण्याचे ठरले असून प्रत्येक शाळेने आपल्याकडील एक नेता आठ दिवसांत कळवावा, नेता नसल्यास नसल्याची कारणे कळवावीत, असे त्यात बजावले होते.

परिपत्रक शाळेत पोहोचले तेव्हा शिशुवर्गाच्या बाई एका मुलीच्या नाकात अडकलेला मणी काढत होत्या. हे काम घाईचे नसते. मूल रडले की मणी वर सरकतो, म्हणून त्याला शिंक येईपर्यंत गप्पा मारत बसावे लागते. बाईंना या कामाचा बावीस वर्षांचा अनुभव होता. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, कागद हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही नेत्या आहात का?"

"आत्ता मोकळी नाहीये," बाई म्हणाल्या.

शाळेत नेता होण्यास पात्र अशा तिघीच होत्या. एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर होती. मोठ्या बाईंना नाव सुचवायचे होते, आणि सुचवणाऱ्याने स्वतःला सुचवू नये असा नियम होता. तेव्हा नेतृत्व बाईंच्या गळ्यात पडले. बाईंनी हात जोडून नकार दिला. पण चौथ्या पानावर बारीक अक्षरातले एक वाक्य मोठ्या बाईंनी बोट ठेवून वाचून दाखवले. 'विजेत्या शाळेतील सहायक पद पुढे चालू ठेवण्याचा प्राधान्याने विचार करण्यात येईल.'

सहायक पद म्हणजे मावशी. चौदा वर्षे त्या शाळेत होत्या आणि वर्षअखेरीस त्यांचे पद संपणार होते. वर्गात चौतीस मुले होती. त्यातले कोण आता ओले होणार हे त्या मुलाला कळायच्या आधी मावशींना कळे. कोणाला डबा भरवायचा आणि कोणाच्या डब्याकडे नुसते बघत बसायचे म्हणजे तो आपोआप संपतो, हे त्यांना तोंडपाठ होते. मावशी गेल्या तर आपले कसे होणार या विचाराने बाईंची झोप उडाली होती, आणि मावशींचे कसे होणार याने भूक. नवरा गेलेला, मुलगी अजून शिकते आहे, आणि या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार?

"द्या अर्ज," बाई म्हणाल्या.

अर्ज अठरा पानी होता. बाईंनी तो प्रामाणिकपणे भरला, ही पहिली चूक. 'गतवर्षी घेतलेला एक धाडसी निर्णय' या रकान्यात त्यांनी लिहिले, 'डब्याआधी सगळ्यांनी हात धुवायचे ठरवले.' मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि ते खोडून तिथे 'स्वच्छताविषयक सामूहिक वर्तनपरिवर्तनाची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी' असे लिहिले. 'संघर्ष कसा हाताळलात?' यापुढे बाईंचे उत्तर होते, 'दोघांना एकच लाल खडू हवा होता. मोडून अर्धा अर्धा दिला.' त्याचे 'मर्यादित साधनसंपत्तीचे न्याय्य वाटप' झाले. 'आपले अनुयायी किती?' यापुढे बाईंनी 'चौतीस, सर्दीच्या दिवसांत एकोणीस' असे लिहिले होते. त्यातली सर्दी तेवढी मोठ्या बाईंनी काढून टाकली.

अर्ज पहिल्या फेरीत पास झाला. दुसऱ्या फेरीत मूल्यमापन अधिकारी स्वतः आले.

साहेब सज्जन होते, हे आधीच सांगितलेले बरे. आवाज चढवणे त्यांना माहीतच नव्हते. शिशुवर्गात मोठी खुर्ची नसल्याने ते मुलांच्या खुर्चीवर बसले. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले, पण त्यांनी तक्रार केली नाही. मांडीवर त्यांनी एक तक्ता उघडला. त्याचे नाव 'नेतृत्वमापन तक्ता' होते आणि त्यात बेचाळीस रकाने होते.

साडेदहाला मुले बागेत निघाली. शाळेपासून बाग चार मिनिटांवर होती आणि मुलांना तिथे पोहोचायला पंचवीस मिनिटे लागत. पुढे मावशी, त्यांच्यामागे दोन-दोनच्या जोडीने मुले आणि सगळ्यांत शेवटी बाई, हा चौदा वर्षांचा क्रम होता. शेवटच्या मुलीला शाळेत सगळे 'निवांत' म्हणत. ती मुंगी दिसली की थांबे, आणि मुंगी नसेल तर ती का नाही हे बघायला थांबे.

बागेत साहेबांनी बाईंना बाजूला घेतले.

"बाई, तुम्ही मागे चालता."

"हो."

"नेता पुढे असतो. रकाना सातवा."

"मागचं मूल दिसायला हवं ना, साहेब. पुढचं मूल कुठे जात नाही. जातं ते मागचं."

"तुमचं म्हणणं समजतं मला," साहेब म्हणाले, आणि ते खरे असावे. "पण मग पुढे कोण असतं?"

"मावशी."

"म्हणजे तक्त्याप्रमाणे नेत्या मावशी होतात. आणि सहायकाला नेता होता येत नाही. म्हणजे तुमच्या शाळेत नेताच नाही."

"मग मी पुढे चालते," बाई म्हणाल्या. "मावशींना मागे ठेवू."

"ठेवा ना. फक्त रकाना अकरा बघून घ्या." साहेबांनी तक्ता त्यांच्यापुढे धरला. 'नेता गट स्वबळावर हाताळतो का? सहायकाची मदत घेतल्यास प्रत्येक सहायकामागे पाच गुण वजा.' ते आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "परवा एका शाळेतल्या बाई तीन गुणांनी गेल्या हो. मला फार वाईट वाटलं. अंतिम भेट बुधवारी आहे, तोवर तुम्ही काय ते ठरवा."

त्या संध्याकाळी मुले घरी गेल्यावर बाई आणि मावशी मिळून चटया गुंडाळत होत्या.

"मावशी, बुधवारी तुम्ही रजा घ्या."

"का हो? काही चुकलं का माझं?"

"तुमचं पद राहावं म्हणून."

मावशींनी चटईचे दुसरे टोक सरळ केले. "म्हणजे मी राहावी म्हणून मी नसायचं."

"बुधवारपुरतं."

"बरं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय तर विचार करूनच म्हणत असाल. पण निवांतकडे कोण बघणार?"

बाईंनी गुंडाळलेल्या चटया मोजल्या.

बुधवारी बाई रांगेच्या अग्रभागी चालल्या. साहेब तक्ता घेऊन शेजारून चालत होते. बाईंचे पाय पुढे जात होते, पण जीव सगळा मागे होता. कोपऱ्यावर एकदा, दवाखान्यापाशी एकदा आणि किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीपाशी दोनदा त्यांनी मागे वळून पाहिले.

"मागे बघू नका, बाई," साहेब कळवळून म्हणाले. "तक्त्यात त्याला 'अनुयायांवरील अविश्वास' म्हणतात. आत्ताच चार झालेत. पाचव्याला रकाना बाद होतो."

बाईंनी मान सरळ ठेवली. त्यांना मागून बुटांचे आवाज ऐकू येत होते, आणि चौतीस मुलांच्या बुटांचा आवाज तेहेतीस मुलांच्या बुटांच्या आवाजाहून वेगळा ओळखता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले. मान मोडली असती तरी चालले असते, पण ती वळवायची नव्हती. मधला रस्ता त्यांनी हात वर करून, गाड्या थांबवून, ताठ मानेने ओलांडला. साहेबांनी 'करारीपणा' या रकान्यात खूण केली.

बागेच्या फाटकाशी बाईंनी प्रत्येक डोक्याला हात लावून मोजले. तेहेतीस. पुन्हा मोजले, या वेळी उलट्या बाजूने. तेहेतीसच.

"साहेब, निवांत नाही."

साहेबांनी मनातल्या मनात भागाकार केला. "सत्त्याण्णव टक्के," ते म्हणाले. "फार चांगलं आहे, बाई. इतर ठिकाणी नव्वदही येत नाहीत."

एकीला शोधायला धावावे तर तेहेतीस जण उघड्यावर पडतात, आणि थांबावे तर ती एकटी मधल्या रस्त्याच्या पलीकडे राहते. बावीस वर्षांत बाईंवर असा प्रसंग आला नव्हता, कारण बावीस वर्षांत त्या कधी पुढे चालल्या नव्हत्या. त्यांनी साहेबांच्या हाताला धरले. "तुम्ही यांच्याकडे बघा, मी आलेच."

"मला हस्तक्षेपाची परवानगी नाही," साहेब खरोखर दुःखी चेहऱ्याने म्हणाले.

तेवढ्यात रस्ता ओलांडून मावशी येताना दिसल्या. घरच्या कपड्यांत होत्या, एका हातात भाजीची रिकामी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात निवांतचे बोट. त्या शाळेपासूनच रांगेच्या वीस पावले मागून चालत होत्या, पिशवी हलवत, जणू बाजाराला निघाल्या आहेत. निवांत टपरीपाशी किल्ली घासताना उडणाऱ्या ठिणग्या बघत उभी राहिली होती, आणि ठिणग्या संपेपर्यंत मावशीही तिच्यामागे उभ्या राहिल्या होत्या. बाईंच्या जिवात जीव आला. त्या पुढे झाल्या, पण साहेब त्यांच्या आधी पुढे झाले.

"आपण कोण?" तक्त्यात सहायकाच्या चेहऱ्यासाठी रकाना नव्हता, त्यामुळे मागच्या भेटीतला तो चेहरा साहेबांच्या लक्षात राहिला नव्हता.

मावशींनी एकदा बाईंकडे पाहिले आणि एकदा तक्त्याकडे.

"मी कोणी नाही, साहेब. भाजीला निघाले होते. हे लेकरू तिकडे उभं दिसलं, म्हटलं पोचवावं."

"मावशी," निवांत म्हणाली. मागोमाग तेहेतीस जणांनी एका सुरात "मावशी" असा गलका केला. दोघे तर त्यांच्या पिशवीलाच लटकले.

आता सगळे संपले, असे बाईंना वाटले. पण साहेबांचे डोळे पाणावले होते.

"रस्त्यावरच्या अनोळखी बाईला मुलं मावशी म्हणतायत," ते म्हणाले. "हे संस्कार कोणी केले, बाई? हे पुस्तकात नाही मिळत." आणि 'समाजाचा उत्स्फूर्त सहभाग' या रकान्यात त्यांनी दहापैकी दहा गुण भरले. याआधी ते तिथे कोणालाच मिळाले नव्हते.

बाईंनी तोंड उघडले. मावशींनी मान किंचित हलवली, नको म्हणून. बाईंनी तोंड मिटले. मुलांना खरे बोलायला शिकवणाऱ्या बाईंना त्या क्षणी स्वतःची अतिशय लाज वाटली. ती आपण मावशींसाठी सोसतो आहोत, अशी त्यांनी समजूत करून घेतली. मावशी रिकामी पिशवी घेऊन बाजाराच्या दिशेने चालू लागल्या, आणि आपली मावशी आपल्याला सोडून तिकडे का जाते आहे, हे चौतीस मुलांना काही केल्या कळेना.

बाईंना पुरस्कार मिळाला. समारंभ मोठ्या सभागृहात झाला. मानपत्रात 'कोणत्याही सहायकाविना चौतीस बालकांचे एकहाती नेतृत्व' असा उल्लेख होता आणि तो वाचला गेला तेव्हा पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनी मानपत्र घेतले आणि व्यासपीठाच्या मागच्या बाजूला साहेबांना गाठले.

"साहेब, आमच्या मावशींच्या पदाचं काय?"

"प्राधान्याने विचार झाला," साहेब म्हणाले. "सगळ्यांत आधी तुमचीच फाइल घेतली. पण सहायकाची गरज नाही, हे तर तुम्हीच सिद्ध केलंत."

"ती भाजीच्या पिशवीवाली होती ना, त्याच आमच्या मावशी."

साहेबांनी बाईंना खुर्ची दिली, या वेळी मोठी.

"मी हे ऐकलं नाही असं समजतो. ऐकलं तर अहवाल खोटा ठरतो. अहवाल खोटा, तर पुरस्कार रद्द. पुरस्कार रद्द झाला की तुमची शाळा विजेती राहत नाही, आणि मग पदाचा प्राधान्याने विचार करता येत नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

वर्षअखेरीस मावशी गेल्या. जाताना त्यांनी बाईंना कोणाला डबा भरवायचा याची यादी लिहून दिली. बाईंनी ती वाचायला घेतली आणि त्यांना रडू आवरेना. "नका हो," मावशी म्हणाल्या, "मुलं बघतायत."

नव्या वर्षी खात्याने बाईंच्या शाळेचा नमुना सर्वत्र लागू केला. त्याप्रमाणे प्रत्येक शिशुवर्गात एक नेता पुढे चालेल. सहायक पदे रद्द झाली आहेत. रांगेतले शेवटचे मूल वाटेत मागे राहिल्यास रस्त्याने जाणारा एखादा अनोळखी नागरिक ते उत्स्फूर्तपणे आणून देईल, असे परिपत्रकात गृहीत धरले असून त्याला अनुसरून सर्व गुण आगाऊ भरण्यात आले आहेत.

तो नागरिक म्हणजे आपण. वेगळा आदेश निघणार नाही. रांगा सकाळी साडेदहाला निघतात. त्या वेळी आपण नेमके कुठे असता, तेवढे उलट टपाली कळवावे.